देवघरात झोपलेली माणसं

“कुठं झोपत होता गं तुम्ही?” बंगल्याच्या मालकीणबाईंनी विचारलं. आवाज गोड व्हता.

माझी आई, तिला आमी अव्वा म्हणायचो, खुळी खूश झाली. मलकापूरच्या त्या कॉलनीत बंगला बांधून होईस्तोवर राखणीला आमीच व्हतो. जतकडनं आलेलो. बाप वॉचमन. अव्वा सकाळ-संध्याकाळ भिंतींना, स्लॅबला पाणी मारायची. दारं-खिडक्या बसल्या तशी बाहेरचं ताडपत्रीचं खोपाट मोडलं आन आमी आत आलो. मालक येऊन बघून जायचे. कंत्राटदाराला ठावं व्हतं. कुणी काय बोललं न्हाई. सळया, सिमेंट राखायला आमी आत चालत व्हतो.

अव्वा पुढं झाली. कोपऱ्यातली खोली दाखवली. “हितं बाई. लय गार लागतंय. आमचा देवबी हितंच मांडला व्हता.”

बिचारीला वाटलं, बाईंना बरं वाटंल. ते त्यांचं देवघर व्हतं.

बाई नवऱ्याकडं वळल्या. “उद्या वास्तुशांत, आणि हे लोक इथं लोळत होते.” मग त्यांनी बापाला आडनाव विचारलं. बापानं सांगितलं. बादली आली, गोमूत्राची बाटली आली.

“तुमचं तुम्हीच धुवा. मग गाठोडं उचला.”

अव्वानं पदर खोचला. सिमेंटनं भेगाळलेले हात तिचे. त्या हातानं भिंती भिजवल्या तवा चाललं. मला काय झालं ठाऊक न्हाई. मी त्या फरशीवर जाऊन मांडी घालून बसले.

“उठ,” बाई म्हणाल्या.

“न्हाई.”

कंत्राटदार बापाला म्हणाला, “पोरगी उठीव. न्हाईतर पुढच्या साइटवर यायचं न्हाई.”

म्हंजे डोक्यावरचं छप्पर गेलं. बापानं कानशिलात दिली. मी बसूनच. परत दिली. मग केसाला धरून दारापातूर ओढत नेली. बाई कडंला सरकल्या, माझा पाय लागू नये म्हणून. अव्वानं फरशी धुतली. मी बसलेली जागा तिनं परत धुतली.

एवढं करून कंत्राटदारानं काम दिलं न्हाईच. भांडी उचलून आमी रस्त्याला लागलो. बाप वाटभर मला शिव्या घालत व्हता. मला रडू येत नव्हतं. राग येत व्हता, बाईंचा, बापाचा आन अव्वाचाबी.

आता मी दवाखान्यात नर्स हाय. बाप गेला. परवा अव्वाला घेऊन त्याच कॉलनीत भाड्याची खोली बघायला गेले. घरमालकिणीनं मोरी दाखवली, नळ सोडून दाखवला. मग हळूच काढलं, “याआधी कुठं राहत होता?”

अव्वानं माझा हात दाबला. गप बस म्हणून.

मी रस्त्यापलीकडं बोट केलं. “त्या बंगल्यात. देवघरात झोपायचो आमी. मालकांच्या आधी. तुमचंबी घर बांधताना कोण झोपलं असंल, आठवून बघा.”

खोली दुसऱ्याला दिलीय म्हणे. आत्ताच आठवलं तिला.

“सांगायचं न्हवतंस गं,” अव्वा म्हणाली.

सांगणार. दर दारात हेच सांगणार. ह्या कॉलनीत खोली मिळंल तर हे सांगून मिळंल. आन बादली कुणी पुढं केली, तर ज्याची फरशी त्यानं धुवावी. अव्वा वाकणार न्हाई. मी वाकू देणार न्हाई.