ठिपक्यांची लागण

घोड्यांतलं मला सगळं कळतं, असं माझं धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत मत होतं. (भोर संस्थानच्या पागेबाहेर उभं राहून मी पुष्कळ चहा प्यायलो होतो, एवढाच त्याला आधार.)

नवरदेव किकवीचा. त्याच्या वरातीसाठी आमच्या चुलत्यांनी, आबांनी, भोरहून आमच्या गावी, गुंजवण्याला, एक घोडा आणला. पांढऱ्या अंगावर जांभळं सांडावीत तसे काळे ठिपके! मी नाक मुरडत त्याच्याभोवती फेरी मारली.

"आबा, ह्ये रोगी जनावर हाय. नाकाडाच्या गुलाबी कातड्यावर काळं डाग हाईत, म्हंजी खरूज. डोळ्यात माणसावानी पांढरं दिसतंय, म्हंजी खुळं. खुरांवर उभं पट्टं, म्हंजी खुरं चिरल्यात."

"आरं, ह्या जातीचं घोडं असंच आसतंय," आबा म्हणाले.

"जात कसली? खरूज झाकाया ठिपकं रंगवल्यात. धुऊन दावतो."

मी बादली आणि काथ्या घेऊन भिडलो. घोडा बिचारा शांत उभा. ठिपके काही जाईनात. उलट पाठीवरची धूळ निघाली आणि तिच्याखालून आणखी ठिपके वर आले!

एवढ्यात वऱ्हाड आलं. नवरदेवाच्या मामांनी घोड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय करताय?"

"खरूज बगतोय," मी ऐटीत म्हणालो.

"आन् ती पसरतीया व्हय? आमचं पोरगं ह्याच्यावर बसायचं न्हाई. दुसरं घोडं आणा, न्हाईतर आमी माघारी जातो."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मुंडावळ्या बांधलेली बहीण दारातून माझ्याकडं असं बघत होती, की घोडा परवडला.

"लागण-बिगण काय न्हाई, मामा. म्या सोता बसून दावतो," असं म्हणून मी टांग टाकली.

अंग घासलेलं घोड्यानं सोसलं होतं. मी पाठीवर बसलेलं मात्र त्याला सोसवलं नाही. त्यानं पाठीला हलकासा झोल दिला आणि मी थेट गोठ्यामागच्या चिखलात. उठलो तेव्हा लग्नासाठी शिवलेला पांढराशुभ्र सदरा काळ्या ठिपक्यांनी भरला होता. नाकावरही दोन-चार होते.

"बगा," मामा दोन पावलं मागं सरत म्हणाले, "ह्यांनाबी उठलं."

सगळा मांडव हसला. नवरदेवही हसला, पुढं झाला आणि घोड्यावर बसला. घोडा जागचा हलला नाही.

"घोडं झ्याक हाय, मामा," तो म्हणाला. "मेव्हण्याला तेवढं लांब बांधा."