तारपकरी पायाकडे बघतो

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण तारप्याच्या बाबतीत मला शिकवेल असा माणूस मी तलासरी तालुक्यात पाहिला नाही, डहाणूतही नाही. भोपळा मी स्वतः वाळवतो. बांबूच्या नळ्या मी बसवतो, ताडाच्या पानाचा कर्णा मी वळतो, मेण मी लावतो. गालात वारा धरून, श्वास न तोडता, नाच चालेल तोवर वाजवतो. त्यामुळे ती बाई जेव्हा म्हणाली की माझ्या हाताकडे बघून वाजवा, तेव्हा मी तोंडावरच नकार दिला. त्याचीच ही हकिकत.

बाई म्हणजे घोलवडच्या एका चिकूवाडीची मालकीण. तिच्या बापाच्या वेळेपासून मी त्या वाडीत चिकू उतरवले. आता झाडावर चढवत नाही, म्हणून खाली बसून लहानमोठे निवडतो. ती तरुणपणी परदेशी गेली आणि केस पांढरे करून परत आली. वाडीत बोलणं होतं की बाई तिकडे कंडक्टर होती. मला वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या घरची मुलगी आणि जन्मभर गाडीत उभं राहून तिकिटं फाडली. पहिल्यांदा समोर आली तेव्हा मी आदबीने विचारलं, "बाई, कुठल्या डेपोला होता?"

ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. "भाई, माझ्या गाडीत साठ माणसं असतात ते खरं," ती म्हणाली, "पण सगळी वाजवणारी." तिचं मराठी अर्धं गुजराती वळणाचं, पण समजायचं.

मग तिने सांगितलं. तिकडे एक नाटक असतं, त्याला ऑपेरा म्हणतात. त्यात कोणी बोलतच नाही, सगळं गाऊन सांगतात. भांडायचं तरी गाऊन, मरायचं तरी गाऊन. रंगमंचाच्या पुढे एक खड्डा असतो, त्यात साठ-सत्तर वाजवणारे बसतात. त्यांच्यापुढे उभं राहून, लोकांना पाठ करून, नुसत्या हाताने सगळ्यांना चालवायचं हे हिचं काम. आणि हिने स्वतः तसली नाटकं लिहिलीही होती, म्हणजे त्यातलं एकूण एक वाजवणं हिच्या डोक्यातून निघालेलं.

मी विचारलं, "गेल्या गेल्या उभं केलं तुम्हाला?"

"छे रे बाबा. नऊ वर्षं तळघरात."

नऊ वर्षं ती तळघरातल्या एका खोलीत पियानोवर बसून गाणाऱ्यांकडून ओळी घोटून घेत होती. एकच ओळ दिवसभर. मग तिला पडद्यामागे ठेवलं. तिथे लपून गाणाऱ्यांचा घोळका असायचा, त्यांना इशारा द्यायचा, आणि पुढच्या कंडक्टरचा हात एका फटीतून बघायचा. एक दिवस तो कंडक्टर तापाने पडला. दुपारी जेवताना हिला निरोप आला, संध्याकाळी तू उभी राहा. सराव नाही काही नाही, साडेतीन तासांचा खेळ. "हातातला चमचा तसाच राहिला," म्हणाली. तिथून पुढे ती जन्मभर उभीच.

हे ऐकलं त्या दिवशी चिकू निवडताना माझे मोठे लहानात गेले.

वाडीत ती नवीन ऑपेरा लिहायला बसली होती. चिकू निवडायचं लांब टेबल होतं, त्याच्या एका टोकाला आम्ही आणि दुसऱ्या टोकाला तिचे कागद. एका पानावर वरपासून खालपर्यंत तीस-एक रेघांच्या पट्ट्या, प्रत्येक वाद्याची वेगळी. ती एकही सूर तोंडाने न काढता लिहायची. मी बघत राहायचो. आम्हाला नवीन चाल सुचली तर लगेच फुंकून बघावी लागते. हिला तीस वाद्यं एकदम आतल्या आत ऐकू येत होती आणि बाहेर नुसते कावळे ओरडत होते. सकाळपासून जेवणापर्यंत एक पान झालं. मी विचारलं, "हे वाजायला किती वेळ?"

"तुमचे दहा श्वास," ती म्हणाली.

एका सकाळचे दहा श्वास. मी हिशेब करायचं सोडून दिलं.

तिच्या ऑपेरात एक गाव धरणाखाली जाणार असतं आणि गावातली माणसं शेवटचा नाच नाचतात. त्यासाठी तिला तारपा हवा होता. भात घरात आल्यावर आमच्या वेवजीच्या पाड्यावर नाच झाला तेव्हा ती येऊन बाजल्यावर बसली आणि सगळा वेळ वहीत लिहीत राहिली. नंतर मला म्हणाली, "भाई, हे मला मुंबईला पाहिजे. साठ जणांच्या मधे."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी वाडीत तारपा घेऊन गेलो, आणि भांडण झालं.

"मी हात खाली आणला की सुरू करा. दुसरा हात असा फिरवला की चाल बदला. माझ्या हाताकडे बघा."

"तारपकरी हाताकडे बघत नाही."

"मग कुठे बघतो?"

"पायाकडे."

मी तिला समजावलं. तारपकरी मधे चालतो, नाच त्याच्याभोवती फिरतो. तो खाली मान घालून नाचणाऱ्यांचे पाय बघतो. पाय उड्या मारत असले तर चाल वाढवायची, पाय जड पडायला लागले की चाल बदलायची, म्हणजे माणसाला दम मिळतो. हे कोणी सांगावं लागत नाही. आणि तारप्याच्या पुढे कोणी चालत नाही. मला इशारा देणारा अजून जन्मला नाही.

"माझ्यापुढेही कोणी चालत नाही!" बाई टेबलावर हात आपटून म्हणाली. दोन चिकू खाली पडले.

मी तारपा फडक्यात बांधला आणि घरी आलो. बायकोला सांगितलं तर ती माझ्यावरच उलटली. "बघितलंस तिच्या हाताकडे तर काय झिजशील? माझ्याकडे तरी कधी मान वर करून बघितलंस नाचात?"

"तुझ्या पायाकडे बघत होतो. म्हणून तर लग्न झालं."

"म्हाताऱ्या, त्या बाईचं शेवटचं काम आहे म्हणे. तिच्या खांद्याला आता जोर नाही. वाडीतल्या बायका सांगत होत्या."

ते खरं होतं. पुढच्या आठवड्यात बाई स्वतः पाड्यावर आली आणि तेच बोलली. मुंबईला एकच खेळ ठरला होता. त्यानंतर हात तितका वेळ वर राहणार नव्हता. "तारपा नसला तर तो नाच खोटा, आणि तो नाच खोटा तर सगळं खोटं. बघा तुम्ही." एवढं बोलून चहा पिऊन गेली. मी मुंबईला गेलो.

तिथल्या मोठ्या सभागृहात दुपारी सराव होता. साठ माणसं आपापलं वाद्य लावत होती, बाजार भरल्यासारखा आवाज. बाई येऊन लाकडी खोक्यावर उभी राहिली. काही बोलली नाही, नुसता हात उचलला. साठ माणसं गप्प, माझ्या कानात माझाच श्वास. तिने हात खाली आणला आणि जमिनीतून काहीतरी वर आलं, छातीवर येऊन बसलं. मी आयुष्यभर आवाज काढत आलो, पण एवढा मोठा आणि एवढा सरळ आवाज मी ऐकला नव्हता. एक मुलगी मागे चुकीचं वाजवत होती. साठात. बाईने न थांबता तिच्याकडे बोट केलं, आणि ते नीट झालं.

माझी पाळी आली तेव्हा मी मान वर करून हाताकडे बघितलं. खरंच प्रयत्न केला. पण मान वर केली की माझा वारा तुटतो. एकदा उशिरा घुसलो, दुसऱ्यांदा चाल बदललीच नाही. तिसऱ्या वेळी सगळी मंडळी थांबली आणि मी एकटाच वाजवत राहिलो.

खेळ भरवणारा एक माणूस कडेला उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, यांचं रेकॉर्डिंग करून घेऊ. वेळेवर बटण दाबू, झंझट नको."

मी तारपा गुंडाळायला फडकं काढलं. बटणाशी भांडायची माझी पद्धत नाही.

"थांबा," बाई म्हणाली. ती खोक्याच्या कडेला बसली, बूट काढले, मोजे काढले. मग मला बसायला खाली, अगदी खोक्याला लागून अशी जागा करून दिली, की माझ्या नजरेसमोर तिचे अनवाणी पाय. उभी राहिली, हात उचलला, आणि पायाने आमच्या नाचाचा ठेका धरला.

"बाई, डावा आधी!" मी ओरडलो.

साठ जण हसले. तीही हसली. डावा आधी टाकला, आणि माझा वारा आपोआप सुरू झाला. वरती तिचे हात साठ माणसांशी एक बोलत होते, खाली पाय माझ्याशी दुसरंच बोलत होते, आणि एकाचं दुसऱ्यात काही सांडत नव्हतं. मी खूप नाच बघितले. असा माणूस बघितला नाही, आणि हे कबूल करायला मला जड जात नाही.

खेळ रविवारी दुपारी झाला. सभागृह भरलेलं होतं. आमचा नाच शेवटच्या भागात, म्हणजे तोवर बाई जवळजवळ तीन तास उभी. मी सुरू झालो. तिचे पाय ठेका धरून होते. किती फेऱ्यांनंतर चाल बदलायची ते सरावात ठरलं होतं. बारा. तेव्हा ती उजवी टाच दोनदा आपटणार.

नवव्या फेरीत मला दिसलं की घोटे सुजलेत. डावा पाय उचलत नव्हता, ओढत होता. मग माझ्या हातून जे पन्नास वर्षं होत आलं तेच झालं. पाय थकले, मी चाल बदलली.

बदलल्यावर मला कळलं मी काय केलं. साठ माणसं नवव्या फेरीत आणि मी त्यांच्या पुढच्या पानावर. तारपा थांबवता येत नव्हता, थांबला असता तर सगळ्यांना कळलं असतं. कसाबसा वारा धरून मी त्या खेळात पहिल्यांदाच मान वर केली.

बाईने डावा हात उंच केला, तीन बोटं दाखवली. त्यांच्या कागदांवर जागोजाग आकडे असतात, त्यातला तो तीन, म्हणजे नवी चाल सुरू होते ती जागा. सगळीकडून एकदम पानं उलटल्याचा सर्रकन आवाज आला. उजव्या हाताने तिने एकच झटका दिला आणि साठ जण माझ्या चालीत येऊन पडले. एकही मागे नाही. रंगमंचावर गाणारीसुद्धा अर्धा शब्द टाकून पुढच्या ओळीवर आली होती. लोकांना वाटलं असंच आहे. खाली तिचे पाय हलके झाले होते, नवीन चालीत दम मिळाला होता त्यांना.

टाळ्या संपल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. चुकलो हा शब्द मला बोलता येत नाही, बायकोला विचारा. मी म्हणालो, "बाई, तुमचे पाय थकले होते."

"होते ना," ती म्हणाली. ती पाय बादलीत सोडून बसली होती, मांडीवर त्या नाचाचं पान. पेन घेऊन तिने बारा हा आकडा खोडला आणि वर काही लिहिलं. मी वाचून दाखवायला सांगितलं.

"पाय थकले की तारपकरी बदलेल."

"आणि तुमच्यानंतर दुसरा कोणी उभा राहिला तर?"

"त्याला बूट काढावे लागतील," ती म्हणाली, आणि पान मला धरायला देऊन टॉवेल शोधायला लागली.