मी पाठवलेली माणसं

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण बहुतेक तरुणपणी केला, त्यामुळे वयाकडे बोट दाखवून सुटता आलं. हा मात्र नातवंडं झाल्यावर केला. माझ्याच नवऱ्याकडे मी खोट्या तक्रारी देऊन माणसं पाठवली. तेव्हा मला त्यात फार मोठी हुशारी वाटली होती. तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात हसत होते मी. ती हसणारी मी आज मला भेटली तर तिला ओट्यावरून ढकलूनच देईन.

आमचे हे गावचे नगराध्यक्ष होते. गाव कसलं, वाशीमला जाणाऱ्या एसट्या जिथं चहाला थांबतात एवढंच, पण नगरपरिषद आहे म्हणून कागदावर शहर. थोरला पहिलीत गेला तेव्हा हे त्या खुर्चीवर बसले आणि त्याच्या पोरीचं बारसं झालं तेव्हाही तिथंच होते. मधे एकदा खुर्ची बायकांसाठी राखीव झाली. लोक मला उभं करायला निघाले होते. हे म्हणाले, ती बसली तर गावाचं राहील बाजूला, रोज माझीच हजेरी घेईल. मग ते उपाध्यक्ष झाले, पण बसायचे त्याच खोलीत.

सकाळी आमच्या ओट्यावर माणसं असायची. हे प्लास्टिकच्या खुर्चीत आणि यांच्या गुडघ्यांमधे आमची लेक. तिच्या वेण्या हेच घालायचे, मला घालू द्यायचे नाहीत, मी ओढते म्हणून. एका कानानं कोणाची नाली तुंबलेली ऐकायची आणि हातानं भांग पाडायचा. तक्रार लांबली की भांग वाकडा. शाळेतल्या बाई पोरीला विचारायच्या, आज सकाळी कोणती गल्ली आली होती गं?

तक्रार ऐकली की हे खिशातला रुमाल काढून त्याला एक गाठ मारायचे. लिहून ठेवणं नाही. आणि तोंडानं एकच शब्द, "पायतो," म्हणजे बघतो. नळ असो, दिवा असो, डुकरं असोत, पायतो. घरातसुद्धा तेच. पोरानं सायकल मागितली, पायतो. मी माहेरी जाऊ का विचारलं, पायतो.

या रुमालावरूनही एकदा मी अक्कल पाजळली होती. लग्न नवं होतं, हे तेव्हा नुसते नगरसेवक होते. मला वाटलं, काय हा गबाळा माणूस, रुमालाचं गाठोडं करून फिरतो. मी सगळ्या गाठी सोडल्या, रुमाल धुतला, खळ घातली, इस्त्री केली आणि मोठ्या ऐटीत यांच्या हातात दिला. यांनी तो उलटा केला, सुलटा केला, खिशात ठेवला आणि बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत वॉर्डातल्या एकेका दारात जाऊन विचारत फिरले, तुमचं काय होतं म्हणून. मला एक शब्द बोलले नाहीत. मी समजले, इस्त्री आवडली.

दुपारचं जेवण मात्र घरीच. एकदा मोठे पाहुणे आले होते मुंबईहून, गेस्ट हाऊसवर पंगत होती. हे सगळ्यांना वाढून झाल्यावर घरी आले. मी जेवायची थांबले असेन म्हणून. मी थांबले नव्हते, हे सांगायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

आता एवढं सगळं करून कामं किती झाली, असं कोणी विचारलं तर मान खाली घालावी लागते. दवाखान्याकडचा रस्ता झाला. बाजारात दिवे लागले. पाणी रोज यावं म्हणून आयुष्य घातलं, ते काही रोज आलं नाही. आणि खालच्या वस्तीतली एक बाई होती. रोजमजुरी करणारी, माझ्याच वयाची. वरच्या गल्ल्यांची नाली तिच्या घराशी येऊन संपायची, त्यामुळे पावसाळ्यात सगळ्या गावाची घाण तिच्या चुलीपर्यंत. मृगाच्या आधी ती दरवर्षी यायची, ओट्याच्या पायरीवर बसायची, मी दिलेला चहा प्यायची. हे गाठ मारायचे. एकदा मोजमापही करून आणलं, फाइल वाशीमला गेली आणि तिथंच राहिली. पुढच्या मृगाला ती पुन्हा आली. अशा येता येता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो.

मग मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि नगरपरिषदेत प्रशासक आले. लोक मोबाइलवर तक्रारी करायला लागले, नाहीतर ज्यांच्या वाढदिवसाचे फलक चौकात लागतात त्या पोरांकडे जायला लागले. हे आपले आंघोळ करून, पांढरा सदरा घालून खुर्चीत. समोर रिकामा ओटा. दोन्ही मुलं पुण्याला, लेक नागपूरला. पेपर वाचून झाला की तोच पेपर पुन्हा. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, मग तीही ताटात राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं जुनंच आहे, पण माणूसच मन काढून घेऊन राह्यला, त्याले गोळी नाही.

गोळी नाही म्हटल्यावर मी वैद्य झाले.

शेजारची सून चुणचुणीत होती. तिला म्हटलं, जा, काकांना सांग तुझ्या नळाला पाणी येत नाही. ती हसत हसत गेली आणि तोंड पाडून उभी राहिली. अशी रडली की मलाच तिच्या नळाची काळजी वाटली. यांनी मान वर केली. रुमाल शोधला. गाठ मारली. "पायतो" म्हणाले, आणि त्या दिवशी पूर्ण भाकरी खाल्ली, वर ठेचा मागितला.

मग मला चटकच लागली. दूधवाल्याला पाठवलं, खांबावरचा दिवा बंद आहे म्हण. माझ्या जावेला पाठवलं, डुकरं फार झाली म्हण. हे ऑटो करून नगरपरिषदेत जायला लागले. आल्यावर मला सगळं सांगायचे, कोण काय बोललं, कोणी चहा दिला. मुलांना मी फोनवर सांगितलं, बाबा सुधारले, तुमच्या आईला डॉक्टर करायला पाहिजे होतं.

मला एवढं सुचलं नाही की तिथं कोणीतरी जाऊन पाहील. नगरपरिषदेनं माणूस पाठवला. नळाला धो धो पाणी. खांबावर दिवा लखलखीत. डुकरांचा पत्ता नाही. एकदा झालं, दोनदा झालं. मग एका दिवशी तिथल्या एका साहेबानं लोकांसमोर यांना सांगितलं की आता आराम करा, आणि यांच्यासोबत आलेल्या ऑटोवाल्याला म्हणाला, घरच्यांना सांग, लक्ष ठेवा यांच्याकडे. हे मला ऑटोवाल्यानंच सांगितलं.

हे घरी आले ते आत आलेच नाहीत. शेजारच्या दारात गेले. मी मागोमाग. यांनी त्या सुनेला शांतपणे विचारलं, "पोरी, तुया नळाले पानी येते का नाई?"

तिनं यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

बस, तेवढंच. हे घरी येऊन खुर्चीत बसले, रुमाल काढला आणि एकेक गाठ सोडत राहिले. घट्ट बसल्या होत्या, नखानं सोडाव्या लागल्या. झाल्यावर रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. आता कर इस्त्री." म्हणजे इतकी वर्षं ते विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घातला नाही. आतल्या खोलीत गेले, ते आजही तिथंच आहेत, भिंतीकडे तोंड करून. मी चुकले, असं पुष्कळदा म्हटलं. ते "असू दे" म्हणतात. भांडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मृग तोंडावर असताना, ती खालच्या वस्तीतली बाई आली. काठी टेकत, दम खात. ओट्यावर खुर्ची नव्हती, म्हणून ती दारातून आत आली आणि नेहमीसारखी नालीचं सांगायला लागली. या खेपेला भिंतच ओली होऊन फुगली आहे, एखाद्या पावसात बसेल, म्हणाली. हे उठून बसले. मला वाटलं, आता रुमाल मागतील. मी कपाटाकडे वळलेसुद्धा.

"तुलेबी हिनंच पाठवलं का?" हे म्हणाले.

तिला काही कळलं नाही. कोणं पाठवलं, मी तं माह्या मनानंच आली, म्हणाली.

"मायाच्यानं नाई होत आता. जाय तू."

आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

ती उठली, चहा न घेताच. मी तिच्या मागे फाटकापर्यंत धावले आणि तिथं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, नळ, दिवा, डुकरं, माझी हुशारी. तिनं ऐकून घेतलं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाली,

"काम तं माहं तवाबी कदी झालं नाई, वयनी. पन भाऊनं 'नाई' कदी म्हनलं नोतं."