नर्मदेतलं बेट
मी म्हसावदच्या शाळेत मास्तर झालो, त्याला दोन वर्षं झाली होती. चौथीच्या पोरांना भूगोल शिकवताना मी फळ्यावर गोल काढायचो, भोवती लाटा काढायचो आणि म्हणायचो, हे बेट. एकदा एका मुलीने विचारलं, "गुर्जी, तुम्ही देखेल शे का?" मी खरं सांगितलं, नाही.

आठवडे बाजारात डिंक आणि चारोळी विकायला सातपुड्यातून एक पावरा आदिवासी यायचा. त्याचा एक अर्ज मी लिहून दिला होता, तेव्हापासून ओळख. त्याला मी सहज हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आमच्या नर्मदेत शे ना. उन्हाळ्यात चाल."

मी माझ्या दोन मित्रांना निरोप धाडला. आम्ही तिघं नंदुरबारला मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलेलो. एक सारंगखेड्याचा गुजर, घरची केळी आणि कापूस, अंगाने दांडगा. दुसरा नंदुरबारचा मुसलमान, वडिलांसोबत शिवणकाम करणारा, बोलायला कमी. मे महिन्यात शाळा सुटली आणि बाजार आटोपून निघालेल्या त्या पावऱ्यामागे आम्ही चालू लागलो. पिशव्यांत दादर ज्वारीच्या भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, गूळ आणि चणे.

तोरणमाळपर्यंत चढण. साग सगळा उघडा पडलेला, पायाखाली वाळलेल्या पानांचा एवढा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वर तळ्याकाठी थंड वारा लागला तेव्हा शिंपी मित्राने बूट काढले. दोन्ही टाचा सोललेल्या. त्याने खिशातून सुईदोरा काढला, चिंध्यांच्या दोन पट्ट्या शिवून टाचांना बांधल्या आणि पुन्हा उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगराच्या एका सोंडेवरून वळलो आणि पावरा थांबला. खाली नर्मदा होती. काळ्या खडकांच्या मधून निळं, वाहतं पाणी, तेही भर मे महिन्यात. आमच्या तापीला त्या दिवसांत गुडघाभर पाणी असायचं. गुजर मित्र जन्मापासून तापीकाठचा, नदीच्या गप्पांत कुणाला हार न जाणारा. तो खाली बसला.

"इतलं पानी?" एवढंच म्हणाला.

प्रवाहाच्या मधोमध ते बेट होतं. एका अंगाला पांढरी वाळू, दुसऱ्या अंगाला चार पुरुष उंचीचा काळा कातळ, त्यावर उंबर आणि करंज. फळ्यावर मी काढायचो त्याच्याशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. पावऱ्याने काठाशी वाकून आधी पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग खोडातून कोरलेल्या होडीतून आम्हाला पलीकडे नेलं. वाळूवर पथारी टाकायला लागलो तर तो नको म्हणाला. "वर निजा. वाळू तिची शे." आणि आमच्या पथाऱ्या उचलून तो कातळावर चढला.

पहाटे त्यानेच आम्हाला हलवून उठवलं, ओठांवर बोट ठेवून. कातळाच्या कडेला आम्ही पालथे पडलो. खालून आवाज येत होता, कोंबडीच्या पिलांसारखा, पण दबलेला. वाळूच्या आतून.

नुकतं फटफटत होतं. पाण्यातून एक मगर निघाली. बैलगाडीच्या लांबीची असेल. सरळ त्या आवाजाच्या जागी आली आणि पुढच्या पायांनी वाळू उकरू लागली. थोडं उकरायची, थांबायची, मान वाकडी करून ऐकायची. मग वाळूतून वीतभर पिलं वळवळत वर आली. तिने जबडा उघडला आणि एक पिलू आत घेतलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अरे, पोरं खाई ऱ्हायनी ती!" गुजर मित्र कुजबुजला आणि त्याने नारळाएवढा दगड उचलला. पावऱ्याने त्याचं मनगट धरलं.

"मारू नको, दादा. माय शे ती."

दगड हातातच राहिला. मगर वळली, तोंड किंचित उघडं ठेवून, पाय जपून टाकत पाण्याकडे गेली. दातांच्या रांगांमधून इवली डोकी बाहेर बघत होती. पाण्यात शिरून तिने जबडा उघडला, हळूच डोकं हलवलं आणि पिलं एकेक करून पोहत बाहेर पडली. ती परत वाळूवर आली. एक अंडं फुटलं नव्हतं. ते तिने दातांत धरून इतकं अलगद दाबलं की मी श्वास सोडायचा विसरलो. त्यातूनही पिलू निघालं.

शिंपी मित्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "या अल्ला," तो म्हणाला, "त्याच दातांनी!"

सूर्य वर आला तरी आम्ही जागचे हललो नाही. भाकरीची आठवण कुणाला झाली नाही. गुजर मित्राने दगड कधी खाली ठेवला तेही मला दिसलं नाही. बऱ्याच वेळाने तो पावऱ्याला म्हणाला, "तू हात धरा नसता ना, तं मी मारी टाकतो." पावरा हसला. तो म्हणाला, त्यानेही लहानपणी असाच दगड उचलला होता, तेव्हा त्याच्या बापाने त्याला थोबाडीत मारली होती.

दुपारी परतायचं तर त्याच पाण्यातून. होडीत आम्ही तिघं हात मांडीवर घट्ट ठेवून बसलो. उजवीकडे एका सपाट खडकाशी मगर अर्धी पाण्यात निजली होती. तिच्या पाठीवर, डोक्यावर, अगदी नाकाच्या शेंड्यावरही पिलं बसलेली. पावऱ्याने वल्हं उचलून धरलं आणि होडी प्रवाहावर सोडली. तिने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.