बळीराम मेश्राम ताकाओ चढतात

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले बळीराम मेश्राम नागपूरला एकटेच राहत. मुलगी मोनाली टोकियोत नोकरीला. पंधरवड्यासाठी बापाला तिकडे बोलावलं आणि आल्या आल्या तिनं लकडा लावला, “बाबा, गुडघे गेले तुमचे. आता माझ्याजवळच राहा.”

झालं! म्हातारा भडकला. “गुडघे गेले? दाखव एखादा पहाड!”

शर्त ठरली. टोकियोजवळचा ताकाओ डोंगर पायी चढले तर बळीराम नागपूरला परत, नाहीतर मुक्काम टोकियोत.

ताकाओला सरळ, फरसबंदी वाटही आहे, अर्ध्यापर्यंत केबल कारही जाते. पण बळीरामनी मुद्दाम सहा नंबरची वाट धरली. शेजारून झरा, डोक्यावर उंचच उंच देवदार, पायाखाली नुसती मुळं. आणि तिथली रीत अशी, की वाटेत भेटेल तो अनोळखी माणूसही “कोन्निचिवा” म्हणतो.

आता नागपूरचा माणूस नुसता नमस्कार घेऊन पुढे जाईल होय? बळीराम दर वेळी थांबत, हात जोडून खणखणीत “जय भीम!” म्हणत, खिशातला चिवडा पुढे करत आणि “किधर से?” विचारत. जपानी आजीबाई हसून चिवडा घेत, वाकून वाकून आभार मानत.

“बाबा, चला ना! दम लागला म्हणून थांबता न तुम्ही?”

“दम कायचा वं? लोक प्रेमानं बोलून राहिले, तर तसंच निघून जाऊ काय?”

खरं सांगायचं तर दम लागला होताच. वर झऱ्यातल्याच दगडांवरून चालायचं होतं, तिथं पाय लटपटले. पण गडी मागे हटला नाही.

माथ्यावर पोचले तेव्हा समोर ढग बाजूला होऊन फुजी दिसत होता. बळीराम हर्षानं ओरडलेच, “जिंकलो!”

मोनालीनं टाळ्या वाजवल्या, पण तोंड एवढंसं झालं होतं. ती हळूच म्हणाली, “बाबा, चार वर्षांत इथं कोणाचं गाव नाही विचारलं मी. मलेबी कोणी नाही विचारलं.”

बळीराम चरकले. वाटभर परक्यांची विचारपूस केली, आणि पोरीला एकदाही नाही! त्यांनी तिला जवळ ओढलं.

“मग माह्या गुडघ्याले काहून बदनाम करून राहिली होती? सरळ म्हणायचं न, बाबा, राहा म्हणून.”

“राहा न, बाबा.”

“तिकीट पुढं ढकल,” म्हातारा म्हणाला. “घरची चावी शेजाऱ्याकडं आहेच.”