गड्याची चाल सुधारली तेव्हा

नाशिकला एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीला वेळ होता म्हणून कार्यालयासमोरच्या मैदानावर सहज डोकावलो, तर तिथे कुत्र्यांचा शो चालला होता. दोरी बांधून केलेल्या चौकोनात काळ्याभोर कोटातला एक माणूस सोनेरी लॅब्राडॉर घेऊन धावत होता. कुत्रा त्याच्या गुडघ्याला लागून, मान वर करून, घड्याळाच्या काट्यासारखा नेमका पळत होता. मी तिथेच दोन तास उभा राहिलो. पंगती उठून गेल्या, बायको शोधत आली तेव्हा म्हणालो, "आपण असा एक आणू या." तिला वाटलं मी कुत्र्याबद्दल बोलतोय. मी खरं तर त्या दोरीच्या आतल्या जागेबद्दल बोलत होतो.

तेव्हा मी जळगावला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. पंचवीस वर्षं टपाल आवक-जावक लिहिण्यात गेली होती. कुणी माझ्याकडे बघून टाळी वाजवावी असं त्यात काही नव्हतं.

नाशिकच्याच एका ब्रीडरकडून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. आईबाप नोंदलेले, कागद पक्के. कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं इंग्रजी होतं. ते आमच्या घरात कुणालाच धड घेता येईना. नानांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'गडी' ठेवलं.

नाना म्हणजे माझे वडील. पिंपळनेरजवळच्या खेड्यात सारा जन्म शेतीत गेलेला. आई गेल्यावर वर्षभरात त्यांना पॅरालिसिसचा हलका झटका आला आणि मी त्यांना जळगावला घेऊन आलो. उजवा पाय ओढत चालायचे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की रोज चालायलाच हवं, सकाळ-संध्याकाळ. पण नाना घराबाहेर पडत नसत. शहरात ओळखीचं कुणी नाही, लोक पायाकडे बघतात. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी ओरडायचो, बायको समजावायची. ते "हो" म्हणायचे आणि बसून राहायचे.

गडी आला तेव्हा आधी कुरकुरले. "कुत्राले कोनी घरमा ठेवस का?" पण चार महिन्यांचा होईपर्यंत तो त्यांच्या खुर्चीखालीच झोपायला लागला. एका सकाळी मी दाढी करत असताना दार वाजलं. पाहतो तर नानांनी टोपी घातलेली, हातात गड्याचा पट्टा. म्हणाले, "याले जरा फिराई लयस."

त्या दिवसापासून दोघं रोज मेहरूण तलावाकडे जायला लागले. आधी कोपऱ्यापर्यंत, मग चौकापर्यंत, मग थेट तलावाच्या काठापर्यंत. नाना पाच-पंचवीस पावलं चालले की थांबत. ते थांबले की गडी तिथल्या तिथे बसे. ते निघाले की उठे. कुणी शिकवलं नव्हतं. नाना कौतुकाने सांगत, "मी थांबनू का हाऊ बसस. कधी वढत नही." सहा-आठ महिन्यांत नानांच्या पायात बळ आलं. तलावावर त्यांच्या दोन-तीन ओळखी झाल्या. घरी येऊन ते त्या लोकांच्या गोष्टी सांगत. बायको एकदा मला म्हणाली, "तुमच्या हौसेचा हा एक तरी फायदा झाला." मी हसलो. तिच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

माझं लक्ष शोकडे होतं. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तीस वर्षं कुत्रे दाखवत आले आहेत, असं मला कुणीतरी सांगितलं. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. एका रविवारी गड्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. तेव्हा गडी वर्षाचा झाला होता. भाऊंनी त्याचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, मागच्या पायांमध्ये उभं राहून बराच वेळ बघत राहिले.

"कुत्रा चांगला आहे," ते म्हणाले. "आता चालवून दाखवा."

मी अंगणात त्याला चालवला. दोन फेऱ्यांतच भाऊंनी हात वर केला.

"हा उंटासारखा चालतोय. बघा ना, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. रिंगमध्ये दुडकी चाल लागते, पुढचा डावा तर मागचा उजवा. आणि तुम्ही थांबलात की हा बसतो. रिंगमध्ये बसला की संपलं. परीक्षकासमोर उभा राहायला पाहिजे, खांबासारखा. कोण फिरवतं याला?"

"वडील फिरवतात."

"हळू चालतात?"

"हो."

"तेच. हळू माणसाबरोबर कुत्र्याला हीच चाल लागते. त्यांचं फिरवणं बंद करा. दोन महिने तुम्ही स्वतः पळवा."

मी मान डोलावली. पुढे काही बोललो नाही. धुळ्याला दोन महिन्यांनी शो होता. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

घरी आल्यावर नानांना सांगितलं. ते गॅलरीत होते. गडी जाऊन त्यांच्या पायाशी पसरला.

"नाना, आता थोडे दिवस याला मीच नेईन. याची चाल बिघडतेय."

"चाल बिघडनी?" त्यांनी गड्याकडे पाहिलं. "चांगला तर चालस."

"शोसाठी वेगळी चाल लागते."

"कितला दिन?"

"दोन महिने."

"तुना कुत्रा शे," ते म्हणाले. " तू म्हनशी तसं." आणि दाराच्या खुंटीवरचा पट्टा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मला स्वच्छ आठवतं. मला हायसं वाटलं. वाद झाला नाही म्हणून.

मग रोज पहाटे मी गड्याला मैदानावर पळवायला लागलो. थांबलो की त्याने बसू नये म्हणून त्याच्या पोटाखाली पाय लावायचो. आरशासमोर उभा करून चारही पाय नीट ठेवायचो, ओठ वर करून दात दाखवायची सवय लावायचो. महिनाभरात त्याची चाल सुधारली. पावलं लांब, पाठ सपाट. मैदानावरचे लोक थांबून बघायचे. परत आलो की गडी सरळ नानांकडे धावायचा. ते त्याच्या कानामागे खाजवत, पण उठत नसत.

"नाना बाहेर पडतच नाहीत हो," बायको म्हणाली.

"एकटे जाऊ शकतात की. रस्ता माहीत आहे."

"एकटे नाही जायचे ते. तुम्हाला माहीत आहे."

"शो होऊ दे," मी म्हणालो.

शोच्या दिवशी नाना आमच्याबरोबर धुळ्याला आले. त्यांनीच हट्ट धरला. धुवट धोतर, नवी टोपी. गाडीत पारोळ्यापर्यंत ते गड्याशी बोलत होते. मैदानावर पोचल्यावर भाऊ भेटले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "घरच्यांना कुत्र्याच्या नजरेसमोर बसवू नका. तो त्यांच्याकडे ओढेल, तुमच्याकडे बघणार नाही." म्हणून मी मांडवाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ एक खुर्ची ठेवली आणि नानांना तिथे बसवलं. मध्ये कनात होती. त्यांना रिंग दिसत नव्हती.

"इथून काय दिसी?" त्यांनी विचारलं.

"झालं की लगेच घेऊन येतो त्याला."

दंडावर नंबर बांधून मी रिंगमध्ये गेलो. आमच्या गटात सात कुत्रे होते. परीक्षकाने गड्याचे दात पाहिले, तो हलला नाही. आम्ही त्रिकोणात पळालो, मग सरळ जाऊन परत. मी थांबलो आणि गडी उभा राहिला, मान वर, शेपटी ताठ. मला दुसरा नंबर मिळाला. निळ्या फितीचं मोठं फूल. टाळ्या वाजल्या. भाऊंनी पाठीवर थाप मारली, "पहिल्याच शोला दुसरा! अहो, लोक वर्षानुवर्षं येतात." लोक फोटो काढायला आले. एका माणसाने पत्ता विचारला. या सगळ्यात पाऊण तास गेला.

मग कनातीमागे गेलो. नाना तिथेच बसले होते, दोन्ही हात काठीवर. मी फूल दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"नीट चालना का?" त्यांनी विचारलं.

"फार छान चालला."

"मंग झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून पट्टा त्यांच्या हातात दिला. "घ्या नाना. आता तुमचा." त्यांनी टोपी घातली. मी खिडकीतून बघत होतो. फाटकातून बाहेर पडताच गडी दुडक्या चालीने निघाला. मी शिकवला होता तसा. नानांचा हात पुढे ताणला गेला, काठी घसरली, भिंतीला धरून ते सावरले. परत हाक मारून त्याला हळू केलं, पण दहा पावलांवर पुन्हा तेच. आणि ते थांबले तेव्हा गडी बसला नाही. ताठ उभा राहिला, पुढे बघत.

कोपऱ्यावरून दोघं परत आले. नानांनी पट्टा खुंटीला लावला.

"तो आते पयस," ते म्हणाले. "माले नही जमत."

मी म्हणालो, आठ दिवसांत सवय मोडतो. मोडलीही, जवळजवळ. पण नानांनी नंतर पट्ट्याला हात लावला नाही. प्रत्येक वेळी काहीतरी कारण. पाय दुखतोय, ऊन आहे, उद्या बघू. आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही, हे सांगितलं पाहिजे. नाशिकचा शो जवळ आला तसं मी गड्याला पुन्हा पळवायला सुरुवात केली. आणखी दोन शो केले. एकात तिसरा, एकात काहीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नानांना दुसरा झटका आला. ते अंथरुणाला खिळले आणि पाच महिन्यांनी गेले. डॉक्टरांना मी विचारलं होतं की चालणं बंद झालं म्हणून असं झालं का. ते म्हणाले, असं नक्की सांगता येत नाही, वय होतं, बीपी होतं. ते बरोबरच असेल. त्या पाच महिन्यांत गडी खाटेखालून हलला नाही. नाना डावा हात खाली सोडून त्याचं डोकं चाचपत. माझ्याशी ते नेहमीसारखेच बोलत. एकदाही त्यांनी त्या चालीचा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. मला वाटायचं, बरे झाले की बोलू.

नाना गेल्यावर मी शो सोडले. दोनेक वर्षांनी कामानिमित्त वरणगावला गेलो तेव्हा भाऊंना भेटायला गेलो. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, कुत्रा दाखवणं का बंद केलं? तेव्हा पहिल्यांदाच मी सगळं सांगितलं. झटका, तलावापर्यंतचं फिरणं, पट्टा.

भाऊंनी कप खाली ठेवला. "अहो, मग दोन पट्टे ठेवायचे होते. एक जाड, वडिलांबरोबर जायचा. एक बारीक, रिंगचा. कुत्र्याला बरोबर कळतं कोणत्या पट्ट्यात कसं चालायचं. माझ्या बायकोचे गुडघे गेलेत, तिच्याबरोबर माझे कुत्रे गोगलगाईसारखे चालतात."

"तुम्ही तेव्हा म्हणालात बंद करा."

"तुम्ही सांगितलंत वडील फिरवतात. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून फिरवत असतील. ते आजारातून उठलेत, हे तुम्ही बोलला नाहीत." त्यांचा आवाज खाली गेला. "बोलला असतात तर मीच नको म्हटलं असतं."

ते खरं होतं. मी बोललो नव्हतो. त्यांच्या अंगणात उभा असताना नानांचा पाय मला आठवला होता, एक क्षणभर. आणि तो सांगितला तर हा माणूस म्हणेल, मग राहू द्या, असं वाटून मी गप्प बसलो होतो. हे मी भाऊंना सांगितलं नाही. बायकोलाही अजून सांगितलेलं नाही.

चहा संपवून मी उठलो. भाऊ फाटकापर्यंत सोडायला आले आणि बस येईपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिलो.