करडईच्या तेलाची फरशी

हमिदाबीला एक खोड होती. फरशी नुसती पुसून तिचं समाधान होत नसे. नळदुर्गाच्या अलीकडं एका गावच्या सरकारी दवाखान्यात ती आया होती. नवरा गेल्यावर ह्या नोकरीचाच काय तो आधार. शहाबादी फरशी ती अशी घासायची की डॉक्टरसाहेब म्हणायचे, "हमिदाबी, इथं ताटाशिवाय जेवावं." मग बाई दिवसभर खुशीत.

निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती. जिल्ह्याचे मोठे डॉक्टर तपासणीला येणार असं कळलं आणि हमिदाबीनं घरी ईदला करायची तेच इथं केलं. करडईच्या तेलाचा बोळा फरशीवरून फिरवला. फरशी काळीभोर, लख्ख झाली. पण घरात माणसं बसून असतात अन् दवाखान्यात पळत असतात, एवढं तिच्या ध्यानात यायला नको का? सुयांचा ट्रे घेऊन शिवगंगा नर्स लगबगीनं आली ती धाडकन आपटली. उजवं मनगट मोडलं.

शिवगंगाची नोकरी अजून कच्ची होती. कशी पडलीस, असं डॉक्टरसाहेबांनी विचारलं तर म्हणाली, "माझाच पाय घसरला, साहेब." साहेबांनी कागदावर लिहायला घेतलं, नर्सचा निष्काळजीपणा. तो कागद वर गेला की पोरगी घरी बसणार, हे झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

हमिदाबी दाराशी उभी. बोलावं तर आपली भाकर जाते, न बोलावं तर लेकीसारख्या पोरीची. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"साहेब, त्ये लिहू नका," ती म्हणाली. "फरशीला तेल म्या लावलं. काढायचं तर मला काढा."

साहेबांनी कागद फाडला. "उद्यापासून तुम्ही फरशीला हात लावायचा नाही. चादरी धुवायच्या."

बाहेर आल्यावर हमिदाबीला रडू फुटलं. "बाई, मला माफ करा."

"पडले तवाच पातळाला तेलाचा वास आला होता, मावशी," शिवगंगा म्हणाली.

"मग बोलल्या का न्हाय?"

"ह्या वयात तुमी कुठं गेला असता?"

मनगट वाकडंच बसलं. शिवगंगाला वेणी घालता येईना, म्हणून पुढं कित्येक वर्षं रोज सकाळी हमिदाबी तिची वेणी घालून द्यायची. केसांना तेल मात्र शिवगंगा डाव्या हातानं स्वतःच लावी. तेलाच्या बाटलीला हमिदाबी हात लावत नसे.